धाकटीची पाठ

१२ जानेवारी

आज टेंपोच्या तीन फेऱ्या झाल्या. एकशे चाळीस साचे घरामागच्या गॅरेजमध्ये आणून ठेवले. कंबर कामातून गेली आहे, पण मन कसं उड्या मारतंय! निवृत्त होऊन आठ महिने झाले, आणि आपण अजून कामाचे आहोत असं आज पहिल्यांदा वाटलं.

हॉस्पिटलच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं कृत्रिम हातपाय आणि पाठीचे पट्टे बनवले, तिथे आता माप माणसाऐवजी मशीन घेणार. म्हणून तळघर रिकामं करायचा हुकूम निघाला. तळघरात माझे साचे. आमची पद्धत जुनी. पेशंटच्या अंगाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, घट्ट झाल्या की ते कवच कापून उतरवायचं, त्यात पातळ प्लास्टर ओतायचं. कवच फोडलं की आत साचा. कुणाची पोटरी, कुणाचं पाऊल, कुणाचा हात, कुणाचं अख्खं धड. त्यावर तापवलेलं प्लास्टिक बसवलं की पट्टा तयार आणि साचा कचऱ्यात. मी मात्र कचऱ्यात न टाकता गुपचूप तळघरात ढकलायचो. जुने साहेब दर वर्षी ओरडायचे, मी दर वर्षी मान डोलवायचो.

नवे साहेब म्हणाले, "काका, न्या. आमची डंपरची खेप वाचली." साच्यांवरची नावं आणि नंबर मी तिथेच खरवडून काढले. कोणता पाय कुणाचा हे जगाला कळायचं कारण नाही.

संध्याकाळी धाकटी शाळेतून आली. गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "दादा, एवढ्या पाहुण्यांना जेवायला काय घालणार आहेस?" धाकटी म्हणजे माझी बहीण, शाळेत गणित शिकवते. माझी बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिने लग्न केलं नाही. तिला कुणी पसंतच पडलं नाही.

१९ जानेवारी

कापडाच्या दुकानामागे काचेतल्या पुतळीचा मोडका पाय टाकलेला सापडला. लांबसडक, गुळगुळीत, टाच उचललेला. घरी आणून अकरा साच्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा केला. मागची अकरा पावलं म्हणजे एकाची बोटं एकावर एक चढलेली, एकाची टाच आत वळलेली, एक नुसताच ठोकळा. स्टूल घेऊन तासभर समोर बसलो. हळूहळू त्या अकरा पावलांत मला चाल दिसायला लागली, आणि पुतळीचा तो देखणा पाय बिचारा आजारी वाटायला लागला. एकटाच मोठ्याने हसलो. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

२ फेब्रुवारी

जुन्या छापखान्याच्या जागेत आता चित्रांचं दालन आहे. ते चालवणाऱ्या बाईंना मी साच्यांच्या प्रदर्शनासाठी विचारलं होतं, त्या आज गॅरेज बघायला आल्या. बाईंचा चष्मा डोक्यावर आणि त्या चष्मा शोधत. पाऊण तास एकेक साचा फिरवून बघत होत्या. माझा जीव टांगणीला. शेवटी विचारलं, "हे सगळं तुम्हाला कशासाठी दाखवायचंय?"

मी म्हटलं, "बाई, एकतीस वर्षं लोक माझ्याकडे वाकडे म्हणून यायचे. मला त्यांच्यात वाकडं काही दिसलं नाही. सरळ माणूस फक्त दुकानाच्या काचेत असतो."

बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. वीस एप्रिलची तारीख दिली. प्रदर्शनाचं नाव मी तिथल्या तिथे ठरवलं: 'जसे आहेत तसे'.

जेवताना ते वाक्य धाकटीला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे." ती नेहमीसारखी एका बाजूला कलून बसली होती, म्हणून म्हटलं, "अगं, सरळ बस, मान आखडेल." मी सांगितलं नाही तर हिला कोण सांगणार?

११ फेब्रुवारी

पायांची रांग झाली, हातांची भिंत झाली. मधोमध काय? जागा खायला उठते आहे. आज रस्त्यात चालताना लख्ख सुचलं. धाकटीची पाठ!

तिचा कणा तेराव्या वर्षी वळायला लागला. तेव्हा मी नुकताच उस्तादांच्या खासगी वर्कशॉपात उमेदवार म्हणून लागलो होतो, हॉस्पिटलची नोकरी नंतरची. तिचा पट्टा उस्तादांनी केला, पण साच्याला कानस मी लावली. माझ्या हातचं पहिलं काम. 'फुगलंय तिथे घास, खोल आहे तिथे भर,' उस्ताद मागे उभं राहून सांगायचे. साचा जरा सरळ करायचा, म्हणजे त्यावर केलेला पट्टा शरीराला तिकडे ढकलतो. चार वर्षं दिवसाचे तेवीस तास तिने तो पट्टा घातला, आणि वळण होतं तिथेच थांबलं. मी आजही छाती फुगवून सांगतो.

अजूनही ती फळ्यावर आडवी उभी राहून लिहिते, वर्गाकडे पाठ करत नाही. मी चिडवतो, "मास्तरीणबाई, पोरं एवढी वांड आहेत का?" ती हसते.

१३ फेब्रुवारी

विचारलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता "नाही" म्हणाली आणि पुढची वही उघडली. मी समजावलं की कुणाला कळणार नाही, चेहरा नाही, नाव नाही. तिने एका पोराच्या उत्तरावर एवढी मोठी लाल फुली मारली की पान फाटलं.

२२ फेब्रुवारी

नऊ दिवस कामापुरतं बोलणं चाललं होतं. आज सकाळी ती स्वतःच गॅरेजमध्ये आली. चढलेल्या बोटांच्या त्या पावलावर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, मी माझी पाठ कधी बघितलेली नाही."

"आरशात?"

"आरशात अर्धी दिसते. मान वळवली की पाठही वळते. डॉक्टरांनी बघितली, उस्तादांनी बघितली, आईने रोज बघितली, तू बघितलीस. मीच नाही. वय त्रेपन्न झालं माझं." मग म्हणाली, "कर. पण मला ती जशी आहे तशी बघायचीय. मला आवडली तर प्रदर्शनात ने, नाही आवडली तर नाही. कबूल?"

मी म्हटलं, "अगं, माझ्या प्रदर्शनाचं नावच ते आहे!"

मला इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर घातली.

१ मार्च

रविवार. धाकटीचं माप घेतलं. गॅरेजचं दार लावलं, हीटर लावला. ती अंगासरशी पातळ बनियन घालून स्टुलावर बसली. आमची जांभळी पेन्सिल ओली करून मी कण्याच्या एकेका मणक्यावर ठिपका काढत गेलो. ही पेन्सिल भारी चीज आहे. ठिपका कापडावरून कवचात आणि कवचातून साच्यावर उतरतो. प्रत्येक ठिपक्याला ती मोठ्याने आकडा म्हणत होती. सतरा झाले.

"गार लागतंय," ती म्हणाली.

"आत्ता प्लास्टर तापेल. दुखणार नाही."

"तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

मला आठवत नाही. म्हटलं असेन. पेशंटला धीर द्यावाच लागतो. वीस मिनिटं ती जागची हलली नाही. कवच उतरवल्याबरोबर तिने शाल ओढून घेतली, थंडीने.

३ मार्च

आज साचा ओतला आणि काढला. कवच फोडून कचऱ्यात टाकलं. केसाएवढीही चीर नाही. एकतीस वर्षांत इतका स्वच्छ साचा उतरला नव्हता!

मग नुसती साफसफाई केली. बुडबुड्यांची भोकं बुजवली, जोडाची कड घासली. उजवीकडे बरगड्यांवर प्लास्टर जास्त साठल्यासारखं वाटलं, ते थोडं उतरवलं. डावीकडे पट्टी जरा दबली असावी, तिथे भर दिली. फार दिवसांनी कानस हातात घेतली. हात आपोआप चालत होता, विचारसुद्धा करावा लागला नाही. शेवटी बारीक पॉलिश पेपर मारला. उजेडात धरला तर डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर पाठ, आणि ही बया जन्मभर लपवत फिरली!

धाकटीला म्हटलं, चल बघायला. म्हणाली, "परीक्षा संपू दे. शांतपणे बघेन." दारापर्यंत आली आणि परत गेली. तिच्या शाळेच्या परीक्षांचा ताप काही विचारू नका.

९ मार्च

बाई आल्या. पाठ बघून म्हणाल्या, "अप्रतिम. डौल आहे हिच्यात." पोस्टरवर हीच घ्यायची म्हणून फोटोही काढून नेला. मी म्हटलं, थांबा, बहिणीचा होकार यायचाय. मग स्वतःच म्हटलं, येईलच हो.

२६ मार्च

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

आज धाकटी आली. परीक्षा संपल्या होत्या, तिने केस धुतले होते, कुठे समारंभाला निघाल्यासारखी आली. मी पाठीवरचं फडकं उचललं. वीस वर्षांत एखाद्या गोष्टीची मी इतकी वाट पाहिली नसेल. मला वाटलं रडेल, मिठी मारेल.

ती बघत राहिली. मग विचारलं, "ही कोण?"

मी हसलो. "अगं, तूच!"

तिने पुढे होऊन बोट ठेवलं आणि वरून खाली मोजायला लागली. मोठ्याने, त्या दिवशीसारखी. एक, दोन, तीन, चार. मग बोट गुळगुळीत प्लास्टरवरून घसरत खाली गेलं, आणि पाच म्हणाली ती पार कमरेजवळ.

"अकरा," ती म्हणाली. "तू सतरा ठिपके काढलेस, दादा. इथे अकरा आहेत. सहा कुठे गेले?"

"साफसफाईत पुसले असतील."

"ठिपके पुसायला किती घासावं लागतं?"

मला माहीत होतं. ती शाई आत मुरते. नुसत्या पॉलिश पेपरला दाद देत नाही. कानस चांगली खोल जावी लागते.

"माझी उजवी बाजू कुठंय?" तिने विचारलं. आवाज वर गेला नव्हता. वर्गात न येणाऱ्या गणितावर ती असंच बोलत असणार. "मी पाठ टेकून बसते ना, तेव्हा आधी ती टेकते. गादीवर पडले की ती टोचते. ती इथे नाहीये."

मी साच्याकडे नीट बघितलं. माझ्यासमोर प्लास्टरची पाठ नव्हती, पट्ट्याचा साचा होता. फुगलं तिथे घासलेला, खोल होतं तिथे भरलेला. चाळीस वर्षांपूर्वी केला होता तस्साच. पट्टा चढवायला तयार.

"धाकटे, मी मुद्दाम नाही गं केलं."

"तेच तर," ती म्हणाली, "मुद्दाम केलं असतंस तर भांडले असते."

२९ मार्च

तीन दिवस गॅरेज उघडलं नाही. बाईंचे फोन घेतले नाहीत. स्वतःशी बरेच वाद घातले: सवय आहे, हाताचा दोष आहे, उस्तादांनी शिकवलंच तसं. एकही वाद जिंकलो नाही. खरी गोष्ट ही की उजवीकडे प्लास्टर 'जास्त साठलंय' असं मला वाटलं होतं. माझ्या डोळ्यांना ती जास्तच वाटली होती. सगळ्या जगाला सांगत सुटलो की मला वाकडं काही दिसत नाही, आणि घरात एक बहीण, तिला चाळीस वर्षं सरळ बस, सरळ बस.

सकाळी हातोडा घेऊन गेलो. साच्यावर घालणार तर ती दारात.

"काय करतोस?"

"फोडतो हा. कलंक आहे माझ्या नावावर."

"फोडून काय होणार? ठेव तो खाली. एवढं चांगलं काम केलंयस, पट्टा छान बसला असता." कधी टोमणा मारते आणि कधी मनापासून बोलते ते मला अजून ओळखता येत नाही. "दुसरा साचा कर. पट्ट्या तू गुंडाळ, ते मला जमणार नाही. पुढचं मी करणार. तू स्टुलावर बसायचंस, हात मांडीखाली."

५ एप्रिल

आज पुन्हा सतरा ठिपके. तिने पुन्हा मोजले. कवच उतरवून मी तिच्या हवाली केलं आणि सांगितल्याप्रमाणे हातांवर बसलो.

तिने प्लास्टर कालवलं. पहिल्यांदा गुठळ्या केल्या. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "दादा." मी मिटलं. ओतताना निम्मं चपलेवर सांडलं. कवच फोडायला तिला दीड तास लागला. मी ते आठ मिनिटांत करतो. खालची कड तुटली, खांद्यावर भोकं पडली, जोडाची रेघ उंचवटा होऊन राहिली. माझे हात असे शिवशिवत होते की बोटं मुंग्यांनी भरली.

मग तिने पाण्याने साचा धुतला, खिडकीपाशी नेला, आणि मला म्हणाली, "जरा बाहेर थांब."

थांबलो. माझ्याच गॅरेजच्या बाहेर, बंद दाराशी. आत काहीच आवाज नव्हता. एकदा वाटलं रडते आहे. एकदा वाटलं हसली. पाऊण तासाने दार उघडलं.

"ये."

मी बघितला. उजवी बाजू पालथ्या वाडग्यासारखी उचललेली, डावीकडे खोल घळ, आणि कणा दोन्हींच्या मधून वाट काढत गेलेला. सतराच्या सतरा ठिपके. सुंदर आहे असं म्हणायला माझी जीभ वळेना. मागच्या वेळी म्हटलं होतं, आणि ते दुसऱ्याच पाठीला म्हटलं होतं.

"कशी वाटली?" मीच तिला विचारलं.

"मोठी आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं लहानशी असेल." मग बराच वेळ तिने उजव्या बाजूवर तळवा ठेवला. "हा साचा प्रदर्शनात जाणार नाही, दादा. हा माझा आहे. माझ्या खोलीत राहील. तू तुझा ने."

"तो खोटा आहे गं."

"खोटा कसा? तुझ्याच हाताचा आहे. तोच मधे मांड, आणि काय आहे ते लिही."

८ एप्रिल

नवीन घोळ लक्षात आला. लक्षात आला म्हणजे काय, माहीत होताच, मी मूग गिळून बसलो होतो. ते एकशे चाळीस साचे, ज्यांना मी 'जसे आहेत तसे' म्हणत होतो, त्यातल्या प्रत्येकावर कानस फिरलेली आहे. वर्कशॉपातून कानस न लागलेला साचा बाहेर पडतच नाही. एकतीस वर्षं कुणाचंही शरीर जसं होतं तसं मी ठेवलेलं नाही.

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं तारीख रद्द करतील. त्या म्हणाल्या, "मग प्रदर्शनाचं नाव बदला ना. आता खरं काहीतरी दाखवायला आहे तुमच्याकडे."

दिवसभर साचे घेऊन बसलो. कुठे घासलंय, कुठे भरलंय, माझा हात मला ओळखू येतो. घासलं तिथे पेन्सिलीने जांभळी आडवी रेघ, भरलं तिथे उभी. पन्नास झाले. कामाला जोर आला आहे. सांगायला हरकत नाही, हे आधीपेक्षा कितीतरी चांगलं होणार. पुतळीच्या पायावर रेघा मारायला गेलो तर मारायला जागाच नाही. सगळाच घासलेला.

१५ एप्रिल

एकशे चाळीस पूर्ण. प्रदर्शनाचं नवं नाव 'दुरुस्त केलेली माणसं'. पोस्टर पुन्हा छापलं. धाकटीच्या पाठीखालची पाटी चार वेळा लिहिली. शेवटची अशी: 'बहीण, वय त्रेपन्न. जशी आहे तशी दाखव म्हणाली होती. भावाने सहा मणके घासले.'

तिला वाचायला दिली. तिने 'घासले'च्या आधी 'न विचारता' एवढं घातलं, लाल पेनाने.

२० एप्रिल

उद्घाटन झालं. गर्दी चांगली होती. लोक रेघांजवळ नाक नेऊन बघत होते, मग हळूच स्वतःचे हातपाय बघत होते. एक म्हातारे गृहस्थ हातांच्या भिंतीपुढून हलेचनात. माझी कॉलर ताठ. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

धाकटी उशिरा आली. शाळेत जाताना घालते तेच करड्या रंगाचं जाकीट. पण जाकीट आज चुकल्यासारखं दिसत होतं. डावा खांदा पार खाली पडलेला, कापड लोंबतंय. मला वाटलं धोब्याने वाट लावली. माझा हात खांदा वर ओढायला निघालासुद्धा.

तिने तो हात मधेच धरला आणि त्यात काहीतरी ठेवलं. कापसाची शिवलेली उशी, तळहाताएवढी. धुऊन धुऊन पिवळी पडलेली, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला निमुळती. खांद्याचा खोलगट आकार तिच्यात तंतोतंत बसलेला.

"शिवणवाल्या बाई प्रत्येक कपड्यात घालून द्यायच्या," ती म्हणाली. "पट्टा सुटला तेव्हापासून. आज सकाळी सगळ्या उसवल्या. चौदा निघाल्या. तू टाकाऊ वस्तू घेतोस ना? घे."

छत्तीस वर्षं! एका घरात, एका टेबलावर, आणि माप घेणं हा माझा धंदा. मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मधल्या साच्यापाशी उभ्या एका गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "ही पाठ कुणाची हो? फारच सुरेख आहे."

"ती ह्यांची," धाकटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मग त्यांच्याकडे पाठ करून, खाली पडलेल्या खांद्यानिशी, हातांची भिंत बघायला सावकाश निघून गेली. गृहस्थ तिच्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. तिला हाक मारून नीट उभी राहा म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.